धरलेली जागा

दातांचं काम करणाऱ्या बाईनं शांत गाणी ऐकावीत, असा लोकांचा एक समज असतो. का, ते देव जाणे. ताई कवळ्या बनवायची. दातांच्या दवाखान्यामागच्या लांबट खोलीत, खिडकीशी लावलेल्या टेबलावर, मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवण्यात तिचा दिवस जायचा. निम्म्या गावाचं हसू तिच्या हातचं होतं. पण अंगातला पांढरा कोट उतरला आणि त्या दिवशी कुठे तिचा तो लाडका रॉक बँड वाजणार असला, की हीच बाई लोखंडी कठड्याला पोट टेकून, केस मोकळे सोडून, घसा फाटेस्तोवर ओरडताना दिसायची. पन्नाशी जवळ आली तरी. लग्न केलं नाही, घर घेतलं नाही, पण त्या बँडचा जवळपासचा एकही कार्यक्रम कधी चुकवला नाही. "लोकांची पोरं देवाला लागतात, माझी गोंगाटाला लागली," असं तिची आई मरेपर्यंत म्हणत होती.

पोरं म्हणजे दोघं. ताईला हे वेड लावलं ते धाकट्या भावानं, आणि त्याला सगळे भोंगा म्हणायचे. छापखान्यात मशीनवर कामाला होता. त्या खडखडाटात बोलून आवाज मोठा झाला, की आवाज मोठा म्हणून छापखान्यात टिकला, हे घरात कुणालाच ठरवता आलं नाही. बँडच्या गायकाची एक सवय होती. गाता गाता तो मध्येच ओळ सोडून द्यायचा आणि माइक लोकांपुढे धरायचा. मग सगळं मैदान ती ओळ पुरी करायचं. त्या सगळ्या मैदानाच्या अर्धा ठोका आधी भोंग्याचा आवाज यायचा. दर वेळी. एकदा तर गायक स्वतःच हसला आणि पुढचा शब्द विसरला. ही गोष्ट भोंग्यानं पुढं इतक्या वेळा सांगितली, की ऐकणारेच पुढचे शब्द सांगायचे.

तिसरा होता मास्तर. भोंग्याचा शाळेतला बाकावरचा सोबती, आता त्याच शाळेत गणित शिकवणारा. वर्गात पोरं त्याला चळाचळा कापतात म्हणे. कार्यक्रमाला येताना हा गृहस्थ दोन्ही कानांत मेणाचे बोळे घालून यायचा.

"मग ऐकतोस काय, कपाळ?" भोंगा विचारायचा.

"बोळ्यांतून जे आत येतं, तेच खरं गाणं. बाकी नुसता आवाज. तुझ्यासारखा."

असे हे तिघं वर्षानुवर्षं कठड्याशी उभे राहत. स्टेजसमोर गर्दी अडवायला जो लोखंडी कठडा लावतात, त्याला चिकटून उभं राहायचं असेल तर दुपारपासून रांगेत उभं राहावं लागतं आणि एकदा जागा मिळाली की ती सोडायची सोय नसते. तुम्ही पाणी प्यायला गेलात, की मागची माणसं भरून आलीच. म्हणून या कठडेवाल्यांनी आपसांत एक रीत पाडली होती. जाणाऱ्यानं शेजारच्याच्या कानात म्हणायचं, "धर." शेजारच्यानं म्हणायचं, "धरली," आणि त्याच्या जागेवर कठड्याला पंजा टेकवायचा. तो पंजा दिसला, की मागून कुणी घुसत नसे. गेलेला माणूस परत आला, की मागूनच त्या पंजावर बोटांनी दोन थापा मारायचा. थाप बसली की हात उचलायचा, माणूस आत. त्या गदारोळात बोलणं कुणाला ऐकू येणार, म्हणून थाप. आणि हात उचलवायचा अधिकार फक्त जागा सांगून गेलेल्याचा.

यात एकच कडक नियम होता, आणि तो भोंग्यानंच केलेला. जागा सांगायची ती तिथं पाय लावून. घरी बसून फोनवर जागा धरायला लावणारे लोक त्याला डोळ्यांपुढे नको असायचे. "पाय लागला नाही त्याची जागा धरायची नाही, मग तो सख्खा भाऊ असला तरी," असं तो बजावून सांगायचा.

आणि त्याच्याचसाठी ताईनं तो नियम मोडला.

त्या संध्याकाळी बंद सभागृहात कार्यक्रम होता. ताई आणि मास्तर कठड्याशी पोचले होते, मधली जागा भोंग्याची. फोन आला. "ताई, मशीन अडकलंय गं. तेवढं काढतो आणि निघतो. धर, आलोच." मागं मशीन धडधडत होतं, आणि त्याला दम लागलेला होता. दम कसला, हे विचारायचं तिला सुचलं नाही. समोर दिवे मंद होत होते. ती म्हणाली, "धरली," आणि डावा पंजा लोखंडावर टेकवला. मास्तरनं भुवया उडवल्या. भोंगा सभागृहापर्यंत आला. बाहेरच्या पायऱ्या तो चढू लागला आणि तिथेच छातीला हात लावून बसला, तो उठलाच नाही. आत ताईनं शेवटच्या गाण्यापर्यंत हात हलू दिला नव्हता. मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होती, की मेला नेहमी असाच उशीर करतो.

माणूस गेला की घरातले त्याचे कपडे आवरतात, चष्मा आवरतात. कठड्यावरची जागा कोण आवरणार? पुढच्या कार्यक्रमाला जायचं नाही, असं ताईनं ठरवलं होतं. पण बँड आला आणि ती गेलीच. मास्तरही आला. दोघं उभे राहिले ते मध्ये एका माणसाची फट ठेवून, आणि ताईचा डावा हात आपसूक त्या फटीपुढच्या लोखंडावर गेला. सवय, दुसरं काय. मागून गर्दी लोटत होती, डावीउजवीकडे माणसं एकमेकांच्या खांद्यांत रुतली होती, आणि ती फट मात्र तशीच. एक धिप्पाड पोरगा ढकलला जाऊन तिथपर्यंत आला, थबकला आणि बाजूला सरकला. जणू कुणाच्या पाठीला त्याची छाती लागली.

मग गायकानं ओळ सोडली, माइक पुढे धरला, आणि ताईच्या पंजावर दोन थापा पडल्या.

तिनं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. म्हणजे माणसं होती, पण हातभर मागं, आणि सगळ्यांचे हात वर. थापा मात्र त्याच. मधल्या दोन बोटांच्या, घाईच्या, शाईनं खरबरीत झालेल्या बोटांच्या. ताईला भीती वाटायला हवी होती. तिला वाटला तो आनंद. इतका, की ती तिथेच रडली, आणि आजूबाजूच्यांना वाटलं गाण्यानं रडवलं.

तेव्हापासून गेली काही वर्षं ती एकही कार्यक्रम सोडत नव्हती. लांबच्या गावी, आडवारी, रजा मिळाली नाही तरी. दर वेळी गायक ओळ सोडायचा, दर वेळी दोन थापा पडायच्या, आणि ती हात लोखंडावर घट्ट दाबून धरायची, की बाबा रे, आहे, तुझी जागा आहे. अलीकडे थापा जरा जोरात यायला लागल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर तिचा डावा तळवा गार पडायचा तो दिवसचे दिवस गारच राहायचा. एकदा वितळलेलं मेण तळव्यावर सांडलं आणि तिला ते कळलंच नाही. दवाखान्याचा डॉक्टर म्हणाला, "बाई, हात दाखवून घ्या. तुमचे हात गेले तर लोकांनी चावायचं कशानं?" ती हसली. हात देऊन भाऊ मिळत असेल, तर सौदा वाईट नव्हता.

हे ती कुणाला बोलली नव्हती. बोलली ती भावजयीजवळ, तेही चुकून.

भावजय भोंग्याच्या मागं त्याच दोन खोल्यांत राहत होती, शिलाईकाम करत. ताई रविवारी जायची. त्या दिवशी ओट्यापाशी उभी राहून दोघी चहा घेत होत्या, आणि भावजयीनं कप खाली ठेवला.

"वन्सं, एक विचारू? तुम्हाला हे स्वप्नात दिसतात का?"

"स्वप्नात नाही," ताई म्हणाली, आणि मग तिला राहवलं नाही. फट, थापा, सगळं सांगून टाकलं. सांगताना तिचा चेहरा फुलला होता. आपण काहीतरी गोड बातमी देतोय, असंच तिला वाटत होतं.

भावजयीनं ओटा पुसून घेतला. मग म्हणाली, "मला दिसतात. दारात उभे असतात. मी म्हणते आत या, तर येत नाहीत. रागावलेले नसतात हो, नुसते तिष्ठत असतात. कुणीतरी बोलवायचं राहिलंय, असा चेहरा करून." तिनं डोळे पुसले नाहीत, कप धुवायला घेतला. "तुमच्या हातावर थाप मारतात, मग माझ्या दारात का असे उभे? तुम्ही तिथं काय करता वन्सं?"

ताईला राग आला. हिला हेवा वाटतोय, असंच तिच्या मनात आलं. चहा अर्धा टाकून ती उठली.

पुढचा कार्यक्रम उघड्या मैदानावर होता, तोही उन्हातान्हाचा. बँडमधली मंडळी आता वयाला आली होती आणि त्यांना लवकर झोपायचं असायचं, असं मास्तरचं म्हणणं. दुपारी रांगेत दोघं पुढे मागे उभे होते. मास्तर सफरचंद कापून खात होता. ताईनं भावजयीचं बोलणं त्याला सांगितलं, ते तक्रार म्हणून. त्यासाठी थापांचं आणि गार पडणाऱ्या हाताचंही सांगावं लागलं. गणिताचा माणूस, हसेल, अशी तिची तयारी होती.

तो हसला नाही. सुरी मिटवली आणि विचारलं, "थाप पडते म्हणतेस. मग तू हात का उचलला नाहीस?"

"काय?"

"थाप म्हणजे काय ताई? मी आलो, हात काढ. आपली रीतच ती. तो येतो, थाप मारतो, आणि तू हात आणखी दाबून धरतेस."

ताईनं आपला डावा तळवा उलटा करून पाहिला. 

"तू त्याला जागा धरून ठेवलीस, पण आत घेतलंच नाहीस. तो मागंच उभा आहे गं. इतकी वर्षं." मास्तरचा आवाज वर्गात असतो तसा कोरडा होता. "तसं काही नसतंच म्हणा. हात गारठतो तो नस दबून. पण असेलच, तर हिशेब असा आहे."

"हात उचलला की जागा जाईल," ताई म्हणाली. "तो आत येईल, गाणं ऐकेल, कार्यक्रम संपेल आणि सगळ्यांसारखा तोही घरी जाईल. मग माझ्याकडे काय राहील, मास्तर?"

मास्तरनं सुरी खिशात टाकली. रांग पुढे सरकली. कानांत बोळे घालताना तो एवढंच म्हणाला, "तुझा भाऊ, तू बघ. माझा तो कोण होता, नुसता मित्र."

कठड्याशी ते उभे राहिले तेव्हा ऊन उतरत होतं, पण लख्ख होतं. फट आज सगळ्या मैदानाला दिसेल अशी होती. आजूबाजूच्यांच्या सावल्या पुढं स्टेजच्या लाकडी फळ्यांवर पडल्या होत्या, दाट, एकमेकींत मिसळलेल्या, आणि त्या रिकाम्या जागेपुढेही सावली होती. ताईनं आधी तिकडे पाहिलं नाही. मग पाहिलं. सावली मागच्या कुणाची असणार, असं तिनं स्वतःला समजावलं. पण मागचे सगळे नाचत होते आणि ती सावली स्थिर होती, कुणाच्या तरी पाठीमागं वाट बघत उभं राहावं तशी.

गाण्यामागून गाणी झाली. ताईच्या कानांत एक अक्षर शिरत नव्हतं. तळवा लोखंडावर बर्फासारखा झाला होता. मग गायक पुढे आला, ओळ निम्मी गायला, थांबला आणि त्यानं माइक लोकांपुढे धरला.

दोन थापा. घाईच्या नव्हेत आता, दमलेल्या.

ताईनं दात आवळले. आयुष्यात एवढं जड काही तिनं उचललं नव्हतं. आधी बोटं उचलली, मग तळवा. लोखंडावर तिच्या पंजाचा ओला ठसा राहिला. आणि त्याच्या शेजारी, तिच्या डोळ्यांदेखत, आणखी दोन पंजे उमटले, रुंद, बोटं फाकलेली.

तिच्या खांद्याला खांदा लागला. ऊबदार. छापखान्यातल्या शाईचा आणि रॉकेलचा वास आला. आणि अख्ख्या मैदानाच्या अर्धा ठोका आधी कुणीतरी ती ओळ उचलली, इतक्या मोठ्यानं, की स्टेजवरच्या गायकानं झटकन मान वळवून नेमकं त्या जागेकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू अर्ध्यावर राहिलं. मग गर्दीचा आवाज आला आणि सगळं त्यात बुडालं.

ताईनं बाजूला पाहिलं नाही. पाहिलं तर काय दिसेल आणि काय दिसणार नाही, या दोन्हींची तिला भीती होती. ती समोर बघत गात राहिली. सुरात नाही, पण ती सुरात कधी होती? शेजारून एक कोपर तिच्या बरगड्यांत घुसत होतं, नेहमीसारखं. तिच्या तळव्यात मुंग्या आल्या आणि ऊब परतू लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती पोटभर गायली. दारात उभा राहून राहून दमलेला माणूस आत आला होता, आणि त्याला इतके दिवस बाहेर ठेवणारी आपणच, याची लाज आणि तो आल्याचा आनंद तिच्या गाण्यातून एकत्रच बाहेर पडत होते.

शेवटचं गाणं उरलं. बँडवाले वाद्यं जुळवत होते, मैदान क्षणभर निवांत झालं. तेव्हा तिच्या कानाशी श्वास लागला.

"ताई, पाणी पिऊन येतो. धर. आलोच."

अगदी सहज म्हणाला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्याच्या लेखी ती एकच संध्याकाळ चालू होती: मशीन अडकलं होतं, जरा उशीर झाला होता, आत शिरायला त्रास पडला होता, एवढंच. उत्तर ताईच्या जिभेवर आलंच होतं. निम्मं आयुष्य तिनं विचार न करता तेच उत्तर दिलं होतं. तिनं जीभ दातांत धरली, रक्ताची चव लागेपर्यंत. डावा हात काखेत दाबून टाकला. एवढा एक शब्द नाही बोललं, की तो वळेल, गर्दीतून बाहेर पडेल आणि कुठे जायचं तिथे जाईल. भावजयीच्या दारातूनही जाईल. ती डोळे मिटून उभी राहिली आणि बोलली नाही. शेजारचा खांदा क्षणभर थांबला, उत्तराची वाट बघत.

"धरली."

आवाज फटीच्या पलीकडून आला होता. ताईनं डोळे उघडले. मास्तर समोर बघत होता, कानांत दोन्ही बोळे तसेच, आणि त्याचा उजवा पंजा त्या रिकाम्या जागेपुढं लोखंडावर घट्ट टेकलेला होता. आपण काय बोललो हे त्याला आता कुठे कळत होतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. भोंगा गेला तेव्हा हा माणूस रडला नव्हता. कागदपत्रं यानं केली, गाड्या यानं बोलावल्या, आणि कुणी त्याला विचारलंच नव्हतं, की तुझं काय? ताईनंही नाही.

"हात काढ," ती म्हणाली. "मास्तर, काढ हात. अजून वेळ आहे."

"ऐकलंस ना ताई?" मास्तर म्हणाला. "माझ्याकडे बघून म्हणाला तो. मला म्हणाला."

खांदा निघून गेला होता. शाईचा वास विरत गेला. शेवटचं गाणं सुरू झालं तशी मागची गर्दी पुढे लोटली, आणि फटीच्या कडेशी येऊन थांबली. ताईनं हात पुढे केला, मास्तरचं मनगट धरलं आणि ओढलं. ते हललं नाही. मनगट ऊबदार होतं, पण बोटांची टोकं गार पडायला लागली होती.

मागून एक मुलगी वाट काढत आली. घामाघूम, डोळे चमकत असलेली, पहिल्यांदाच एवढ्या पुढे आलेली असावी. तिनं ती मोकळी जागा पाहिली, मग आधी ताईकडे आणि मग मास्तरकडे पाहिलं.

"इथे कुणी आहे का?" तिनं विचारलं.

ताईनं तोंड उघडलं. तिला 'नाही' म्हणायचं होतं. 'ये गं, उभी राहा,' म्हणायचं होतं. पण आतून कुठूनतरी सुटल्यासारखं वाटलं, तो आणखी एकदा येणार म्हणून, आणि त्या सुखाचीच तिला भीती वाटली. तेवढ्यात मास्तर बोलला.

"आहे," तो म्हणाला. "पाणी प्यायला गेलाय. येईल इतक्यात."